आठचा भोंगा आणि माझा लाल दिवा

मित्रांनो, हे शहर आज जागेवर उभं आहे ते माझ्यामुळे. ही घरं, ही दुकानं, तीन शाळांची छपरं आणि लाकडाची गोदामं, या सगळ्यांच्या डोक्यावर अकरा वर्षं माझा हात होता. हात म्हणजे तसा हात नव्हे. दोन मीटर वायर आणि तिच्या टोकाला एक प्लग. मी एक जुना चार्जर आहे. चपलांच्या खोक्याएवढा, करड्या रंगाचा. अग्निशमन केंद्राच्या भिंतीवर, डाव्या बाजूला फरशी पुसायचं फडकं आणि उजव्या बाजूला गेल्या वर्षीचं कॅलेंडर, अशा थाटात मी शहराचं रक्षण करत असे.

आता चार्जर म्हटलं की तुम्हाला वाटेल, वायर लावली, बॅटरी भरली, संपलं. तसे चार्जर असतात. माझे काही चुलतभाऊ त्याच प्रकारचे आहेत. ते बॅटरीत वीज ओततात आणि ओततच राहतात, पाहुण्याच्या पानात तो नको म्हणत असताना वाढत राहावं तसं. शेवटी बॅटरीतलं पाणी उकळतं, ती फुगते आणि सगळे म्हणतात, बॅटरीच खराब निघाली. मी त्यातला नाही. मी देखभालीचा चार्जर. मी बॅटरीची नाडी बघतो, लागेल तेवढी वीज देतो आणि थांबतो. मग पुन्हा नाडी बघतो. जरा खाली गेली की घोटभर देतो. पुन्हा थांबतो. पुन्हा बघतो. दिवसभर मी हेच करतो आणि सतत मला वाटत असतं की आता काहीतरी बिघडणार आहे.

हा स्वभाव मला कारखान्यातच मिळाला. तिथे तपासणीच्या टेबलावर एक चष्मेवाली बाई होती. तिने मला तीन दिवस वेगवेगळ्या बॅटऱ्यांना लावून पाहिलं. दर वेळी ती पुटपुटायची, "बघू या हा कधी दगा देतो." मी दगा दिला नाही, पण तिचा तो सूर माझ्या अंगात कायमचा शिरला. खोक्यात माझ्याबरोबर सात भाषांतली एक माहितीपुस्तिका ठेवली होती. सातही भाषा येणारी माणसं मी पुढे पाहिली. पुस्तिका उघडणारं माणूस मात्र पाच वर्षांनी भेटलं.

मला या केंद्रात आणलं ते बंबाची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीने. त्याने मला भिंतीवर ठोकलं, बंबाच्या दाराखाली एक सॉकेट बसवलं आणि सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "गाडी आत आली की हा प्लग लावायचा. बाहेर काढताना काढायचा. एवढंच. याच्या पलीकडे याला हात लावू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या. मिस्त्री निघून गेला आणि माझी काळजी सुरू झाली.

या केंद्रात बंब एकच, आणि आगी फार नाहीत. महिन्याला दोन, फार तर तीन. बाकीचे दिवस बंब नुसता उभा. तुम्हाला वाटेल, उभ्या गाडीची बॅटरी आरामात असते. तसं नसतं हो. बंबात वायरलेस असतो, घड्याळ असतं, कसले कसले बारके दिवे असतात. ते सगळे गुपचूप बॅटरी पीत राहतात. अर्धी रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या आतल्या पट्ट्यांवर पांढरे खडे धरतात, एकदा ते घट्ट झाले की मग कितीही वीज द्या, ती आत जात नाही. बॅटरी बाहेरून चकचकीत आणि आतून दगड. हे सगळं मला वायरीतून जाणवतं. सांगायला माझ्याकडे तीन दिवे आहेत. भरली की हिरवा, भरतेय तोवर पिवळा, आणि जोडणीच नसेल तर लाल, तोही उघडझाप करणारा. एवढ्या तुटपुंज्या शब्दांत कुणाला काय समजावणार?

केंद्राचे प्रमुख होते साहेब. पाठीमागे त्यांना सगळे 'तोफ' म्हणत. ते कुजबुजले तरी समोरच्या दुकानदाराला ऐकू जायचं. माणूस वाईट नव्हता. बंबावर त्यांचा फार जीव होता आणि सगळा घोळ तिथेच होता.

साहेबांचा एक नेम होता. रोज सकाळी ठीक आठला बंब सुरू करायचा. छपरावरचे सगळे दिवे लावायचे. दहा आकडे मोजेपर्यंत भोंगा वाजवायचा. मग पाच मिनिटं इंजिन तसंच गुरगुरू द्यायचं आणि बंद करायचं. साहेब समाधानाने मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "झाली बॅटरी चार्ज!"

मित्रांनो, त्या वेळी मला कानात बोटं घालावीशी वाटायची. दोन्ही अवयव नसल्यामुळे राहून गेलं. एवढं मोठं इंजिन सुरू करताना बॅटरीतून जेवढं जातं, ते परत यायला गाडी निदान अर्धा तास रस्त्यावर धावावी लागते. पाच मिनिटांच्या गुरगुरण्यात काय येणार? त्यातून दिवे आणि भोंगा. म्हणजे रोज सकाळी आठला हे प्रेमळ लोक बॅटरीचं थोडं थोडं रक्त काढत होते, आणि वर तिचं अभिनंदन करत होते.

तरी मी लावलेला असतो, तर उरलेल्या दिवसात सगळं भरून काढलं असतं. पण एकदा शाळेच्या बाई मुलांना बंब दाखवायला घेऊन आल्या. त्यातल्या एका मुलीने माझ्या वायरीकडे बोट दाखवून विचारलं, "याला सलाईन का लावलंय? हा आजारी आहे का?" मुलं हसली. साहेब हसले नाहीत. मुलं गेल्यावर त्यांनी स्वतः माझा प्लग काढला, वायरीची सुबक गुंडाळी केली आणि खिळ्याला अडकवली. "धडधाकट गाडीला सलाईन!" ते म्हणाले, आणि ते बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. "महिन्यातून एकदा लावा. रविवारी. कुणी बघत नसताना."

प्लग निघाला तसा माझा लाल दिवा उघडझाप करू लागला. चार दिवस साहेबांनी तो सहन केला. पाचव्या दिवशी म्हणाले, "हे सारखं लाल लाल बघून छातीत धडधडतं," आणि दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. तेव्हापासून सगळ्यांना बरं वाटायला लागलं.

पट्टीमागे मी उघडझाप करतच राहिलो. वर्षं गेली. या केंद्राने दोन बॅटऱ्या बदलल्या. पाच-सहा वर्षं चालायची ती दोन-अडीच वर्षांत संपायची. दर वेळी साहेब हळहळायचे, "हल्ली पूर्वीसारखा माल येत नाही."

आणि मग ताई आली.

ताई म्हणजे बंबाची नवी ड्रायव्हर. आधी ती शाळेची बस चालवायची. ती नोकरी सोडून इकडे आली, आणि तिच्या जागी बसवर लगेच दुसरा माणूस लागलाही. म्हणजे मागचा रस्ता बंद. इथे सहा महिने चाचणी. साहेबांनी सही केली तर कायम, नाही तर घरी. घरी अंथरुणावरचे सासरे आणि पाचवीतली मुलगी. हे मला कसं कळलं? डबा खाताना ती नळवाल्या काकांना सांगत असे. नळवाले काका म्हणजे पाण्याचा नळ धरणारे सगळ्यात जुने जवान, आणि डब्याची जागा माझ्या बरोबर खाली. काळजी करणाऱ्याच्या कानावर अशाच गोष्टी येतात.

तिसऱ्या महिन्यात सरावाच्या दिवशी ताईने किल्ली फिरवली आणि बंबातून नुसतं 'टक्' आलं. पुन्हा फिरवली. 'टक्.' दुधाचा ट्रक थांबवून त्याच्या बॅटरीला तारा लावाव्या लागल्या. साहेब म्हणाले, "बाई, बसची सवय आहे तुम्हाला. किल्लीवर हात जड पडतोय."

सहाव्या महिन्यात गटारात अडकलेल्या वासराला काढायचा फोन आला. पुन्हा 'टक्'. शेवटी वासरू स्वतःच बाहेर आलं. ते वेळेवर आलं, बंब नाही. या वेळी साहेबांनी लेखी ताकीद दिली. 'चालकाच्या चुकीच्या पद्धतीमुळे वाहन सुरू झाले नाही. पुन्हा असे घडल्यास कायम करता येणार नाही.' ताईने कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि डब्याच्या पिशवीत ठेवला. डबा तिने त्या दिवशी उघडलाच नाही.

"काका, माझा हात खरंच जड आहे का हो?" तिने विचारलं.

"तुझ्याआधीच्या ड्रायव्हरचाही जड होता," काका म्हणाले. "त्याच्याआधीच्याचाही. या किल्लीला अजून हलक्या हाताचा माणूस मिळालेला नाही."

ताईने डब्याची पिशवी बाजूला ठेवली. मग तिची नजर वर गेली, माझ्याकडे. काळ्या पट्टीचं एक टोक सुटलं होतं आणि त्यातून लाल उजेड डोकावत होता. मित्रांनो, मी आयुष्यात इतक्या जोरात कधी उघडझाप केली नव्हती. म्हणजे वेग तोच होता. पण जीव ओतला.

तिने उठून पट्टी ओढून काढली. "हा काय म्हणतोय?"

"त्याचं ते चालूच असतं," काका म्हणाले.

माझ्यामागे भिंतीला टेकवलेली माहितीपुस्तिका तिला सापडली. तिने सहा भाषा ओलांडल्या आणि सातवीत वाचायला सुरुवात केली. मोठ्याने. मी पहिल्यांदाच माझ्याबद्दल काहीतरी ऐकत होतो. कान, म्हणजे जे काही आहे ते, तृप्त झाले.

माझी महिन्याची रविवारची पाळी झाली, आणि सोमवारी तिने घरून व्होल्ट मोजायचं छोटं मीटर आणलं. रोज आठच्या भोंग्याआधी आणि नंतर ती बॅटरी मोजायची आणि माझ्याखाली भिंतीवर खडूने आकडा लिहायची. सोमवारी साडेबारा व्होल्ट. मंगळवारी बारा पॉइंट चार. असं करत करत शनिवारी बारावर आलं. बारा म्हणजे बॅटरी श्वास घेतेय एवढंच.

शनिवारी तिने साहेबांना भिंतीपुढे उभं केलं. "साहेब, हे बघा. भोंगा वाजला की आकडा खाली येतो. पाच मिनिटांत बॅटरी चार्ज होत नाही, उलट उतरते."

"बाई, बारा म्हणजे बारा. बाराची बॅटरी आहे, बारा दाखवतेय. तुम्हाला अजून काय तेरा हवेत?"

"हो. तेराच्या आसपास हवेत."

"हे मीटर कुणाचं?"

"माझ्या मिस्टरांचं. ते रेडिओ दुरुस्त करतात."

"मग ते रेडिओवर वापरा. भोंगा आठला वाजणार. मी आहे तोवर वाजणार." एवढं बोलून त्यांनी खिडकीतून रस्त्यापलीकडच्या घराकडे पाहिलं. भोंगा वाजताना ते नेहमी तिकडेच पाहायचे. का, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

सोमवारी दुपारी ताईची मुदत संपत होती. साहेबांची रविवारी सुट्टी असे, त्या दिवशी भोंगाही नसे. शनिवारी साहेब घरी जाताच ताईने खिळ्यावरची गुंडाळी सोडवली आणि प्लग सॉकेटमध्ये बसवला. काका पाहत होते. ती म्हणाली, "काका, तुम्ही काही पाहिलं नाही."

"माझा चष्मा घरीच आहे," काका म्हणाले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

मी कामाला लागलो. बॅटरीची नाडी फार क्षीण होती. पट्ट्यांवर खडे धरायला लागले होते, नुकतेच, अजून कच्चे. घाई केली तर उकळेल, उशीर केला तर सोमवार येईल. घोट दिला. थांबलो. पुन्हा दिला. रविवार उजाडला तरी पिवळाच. मला एकच धास्ती होती, कुणीतरी येईल आणि जाता जाता माझं बटण बंद करील. माणसं बंद करण्याच्या बाबतीत फार तत्पर असतात. रविवारी दुपारी एक जवान खरोखरच बटणाजवळ आला. बोट पुढे केलं. मग त्याला शिंक आली आणि तो रुमाल शोधत निघून गेला. या शहराच्या इतिहासात त्या शिंकेची कुठेही नोंद नाही.

सोमवारी पहाटे हिरवा लागला. मला आनंद झाला नाही. हिरवा लागला की मला वाटतं, आता हा जाणार.

आठला पाच कमी असताना साहेब आले, माझी वायर बघितली आणि तोफ धडाडली. "हे कुणी लावलं?"

"मी," ताई म्हणाली. "आणि साहेब, आज भोंगा नको."

"नको म्हणजे?"

"मी वाजवणार नाही. शनिवारपासून भरून भरून बॅटरी आज कुठे धड झालीय. आज गाडी अडली तर माझी नोकरी जाईल. मग अडायला मी हातभार कशाला लावू?"

"बाई, वीस वर्षं या केंद्राचा भोंगा आठला वाजतोय."

"आणि वीस वर्षं ड्रायव्हरचे हात जड निघतायत."

काका अचानक नळाची गुंडाळी पुसू लागले. ती स्वच्छच होती. साहेबांचा चेहरा माझ्या तिसऱ्या दिव्यासारखा लाल झाला. "सही करायची आहे मला दुपारी," ते हळू म्हणाले. हळू म्हणजे समोरच्या दुकानदारालाच काय ते ऐकू गेलं.

"ठाऊक आहे," ताई म्हणाली. तिने किल्ली मुठीत घट्ट धरली होती. 

आठ वाजले. भोंगा वाजला नाही. आठ वाजून तीन मिनिटं. साहेब येरझाऱ्या घालत होते, पण नजर रागाची नव्हती. घाबरल्यासारखी होती. सारखी रस्त्यापलीकडे जात होती.

आठ वाजून सात मिनिटांनी रस्त्यापलीकडच्या घराचं दार उघडलं. एक म्हातारी बाई, पायात दोन वेगवेगळ्या चपला, हातात गोळ्यांची डबी, वाहनांना हाताने थांबवत सरळ बंबासमोर येऊन उभी राहिली.

"मेल्या, भोंगा का नाही वाजला?" ती साहेबांना म्हणाली. आवाज घराण्यातच होता हे कळलं.

"आई, तू कशाला रस्ता ओलांडलास?"

"मग काय करू? वीस वर्षं तू भोंगा वाजवतोस आणि मी गोळी घेते. आज वाजला नाही. मला वाटलं, आगीत गेलास की काय!" एवढं बोलून ती बंबाच्या पायरीवर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

 एवढा मोठा बंब, त्याच्या छपरावर सहा दिवे, आत हजारो लिटर पाणी. आणि ही सगळी यंत्रणा रोज सकाळी सुरू होत होती ती एका गोळीसाठी.

ताई तिच्याजवळ उकिडवी बसली. "आजी, चुकलं माझं. मला ठाऊक नव्हतं. मीच नको म्हटलं."

आजी तिच्याकडे बघून काही बोलणार, तेवढ्यात फोन खणाणला. सुताराच्या कारखान्यात भुशाच्या ढिगाने पेट घेतला होता. दोन गल्ल्या पलीकडे. भुशाशेजारी सागवानी फळ्या, फळ्यांशेजारी घरं.

"गाडी काढा!" साहेब ओरडले, आणि आईला दंडाला धरून बाजूला नेलं.

ताई चढली. मित्रांनो, तो क्षण मी तुम्हाला कसा सांगू? मी दोन दिवस दिलेला एकेक घोट आठवत होतो. कुठे कमी तर पडलो नाही? ते खडे विरघळले होते का? हिरवा दिवा खोटा तर बोलत नसेल? किल्ली फिरली.

'टक्' आलं नाही. इंजिन एका दमात गर्जलं.

ताईला इतकं आश्चर्य वाटलं की ती क्षणभर तशीच बसली. मग तिने गियर टाकला आणि बंब सुसाट निघाला. माझा प्लग काढायचा राहून गेला होता. वायर ताणली गेली, सॉकेटमध्ये काहीतरी कडकन मोडलं, आणि मी दोन खिळ्यांसकट भिंतीवरून सुटून खालच्या बादलीच्या काठावर आपटून आत पडलो. एका कोपऱ्याला पोचा आला, हिरव्या दिव्याची काच गेली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात गौरवाचा प्रसंग मी फरशी पुसायच्या बादलीत पाहिला.

भुशाचा ढीग जळाला. फळ्या वाचल्या, घरं वाचली. भोंगा रस्ताभर वाजत गेला आणि आजीने तेवढ्यात गोळी घेऊन टाकली.

दुपारी साहेब परत आले, अंगभर काजळी. त्यांनी ताईचा कागद मागवला, उभ्याउभ्याच सही केली आणि म्हणाले, "यापुढे प्लग काढून गाडी काढत जा." माफी वगैरे काही मागितली नाही. तोफांना तशी सोय नसते. पण संध्याकाळी त्यांनी मला बादलीतून स्वतः उचललं, पुसलं आणि पुन्हा ठोकलं. ते ठोकणं वाकडंच झालं. तेव्हापासून भोंगा महिन्यातून एकदा तपासतात, बंब अर्धा तास फिरवून आणतात, आणि आल्या आल्या प्लग लावतात. ती बॅटरी सहा वर्षं टिकली.

आठला काय होतं? आठला साहेब स्वतः रस्ता ओलांडून आईला गोळी देऊन येतात. आजी काकांकडे तक्रार करत होती, "भोंगा बरा होता बाई. तो गोळीबरोबर सल्ले देत नव्हता."

आता बंबाला नवा चार्जर आलाय, गाडी सुटली की आपोआप निघणारा. मला मागच्या खोलीत पाणी उपसायच्या पंपाच्या बॅटरीला लावलंय. पंप वर्षात दोनदा लागतो. उरलेला वेळ मी नाडी बघतो आणि काळजी करतो.

मित्रांनो, तुमच्याकडेही अशी एखादी गाडी असेल. सुट्टीत उभी राहिलेली स्कूटर, आजोबांची मोटार, गवत कापायचं यंत्र. तिला दोन मिनिटं सुरू करून, पाठ थोपटून बंद करू नका. ते प्रेम तिला परवडत नाही. माझ्यासारखा एखादा चार्जर लावा आणि विसरून जा. जाता येता नुसता दिवा बघा. तो लाल दिसला तर त्यावर पट्टी लावू नका, काय म्हणतोय ते विचारा. गाडी अडते तेव्हा किल्ली धरणाऱ्या हाताला बोल लावायच्या आधी जरा भिंतीकडेही नजर टाका. एखाद्याचं घर त्या नजरेवर चाललेलं असतं. जे काही घडलं नाही, ते कुणीतरी घडू दिलेलं नसतं, आणि त्याचे आभार कुणी मानत नाही. तेही मी मागत नाही.

माझं मागणं एवढंच, की इकडे आलातच तर नळवाल्या काकांना सांगा. मी जरा उबदार असतो हे खरं आहे, पण त्यांनी आपले ओले मोजे माझ्यावर वाळत घालू नयेत. निदान डावा तरी काढावा. खाली माझा दिवा आहे.